दारावर १६९१ कोरलेलं इंग्लिश उभं घड्याळ: घ्यावं की सोडावं?

उंबरठा
नमस्कार मंडळी. आम्ही यॉर्कशायरमध्ये वेकफील्डजवळ राहतो. इथल्या एका लिलावघरात पुढच्या आठवड्यात जुन्या सामानाचा लिलाव आहे. त्यात एक उभं घड्याळ आलंय, ज्याला सगळे ग्रँडफादर क्लॉक म्हणतात तसलं. काल जाऊन बघून आले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

उंची सव्वासात फुटांच्या आसपास. ओकचं लाकूड, पण जवळजवळ काळं. लांब दारावर वरपासून खालपर्यंत पानांची वेल, मधोमध सिंहाचं तोंड आणि त्याखाली ठसठशीत आकड्यांत १६९१. खालच्या चौकोनी भागावर मोठं फूल. डोक्यावर दोन्ही बाजूंनी वळून आत येणारी हंसमान आणि बाजूंना पीळदार खांब. तबकडी पांढरी, रंगवलेली, कोपऱ्यांत फुलं, वरच्या कमानीत चंद्र. बनवणाऱ्याचं नाव पुसट झालंय, 'हडर्सफील्ड' तेवढं वाचता येतं. चावीची दोन भोकं आहेत. यादीत फक्त 'कोरीव ओकच्या पेटीतलं आठ दिवसांचं घड्याळ' (म्हणजे एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं) एवढंच लिहिलंय, साल दिलेलं नाही. अंदाजे किंमत तीनशे ते पाचशे पौंड.

हे खरंच १६९१ चं असेल का? असेल तर इतकं स्वस्त कसं? आणि कोरीव काम मूळचं की मागाहून केलेलं, हे कसं ओळखायचं? घरात दोन लहान मुलं आहेत, त्यामुळे असं घड्याळ सांभाळणं कितपत जमतं तेही अनुभवी लोकांनी सांगावं.

रानवारा
फोटो टाका की! सिंहाचं तोंड म्हटल्यावर बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. बाकी जाणकारांची वाट बघतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

तिसरा_प्रहर
उंबरठाताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. हे घड्याळ १६९१ चं नाही, आणि ते सांगायला लाकडापर्यंत जायचीही गरज नाही. तबकडी पुरेशी आहे.

१६९१ साली लंडनमध्ये थॉमस टॉम्पियन हा नामांकित घड्याळजी ऐन भरात होता. त्या काळच्या तबकड्या पितळेच्या, चौकोनी, साधारण दहा-अकरा इंचांच्या. तासांचे आकडे वेगळ्या चंदेरी कड्यावर कोरून त्यात काळं मेण भरलेलं, चार कोपऱ्यांत ओतीव पितळी नक्षी. तबकडीवरची कमान रूढ झाली ती १७१५-२० च्या पुढेमागे. आणि लोखंडी पत्र्यावर पांढरा रंग देऊन त्यावर फुलं रंगवलेल्या तबकड्या बर्मिंगहॅमच्या ऑस्बोर्न आणि विल्सन या जोडीने १७७२ मध्ये बाजारात आणल्या. तेव्हा तुमची तबकडी त्याआधीची असूच शकत नाही. सगळं धरून माझा अंदाज १७८० ते १८२०.

एक काम करा. पाहणीच्या दिवशी तिथल्या माणसाला डोक्याचा भाग पुढे ओढून काढायला सांगा, तो सरकवून निघतोच. मग बाजूने टॉर्च मारून तबकडी आणि यंत्र यांच्यामध्ये बघा. पांढऱ्या तबकड्यांच्या मागे पुष्कळदा ओतीव लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर तबकडी बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं असतं. ऑस्बोर्न आणि विल्सन १७७७ मध्ये वेगळे झाले. दोघांची नावं एकत्र मिळाली तर तुम्हाला पाच वर्षांचा नेमका काळच मिळाला, नुसतं एकाचं नाव असलं तर त्यानंतरचं.

कमानीतला चंद्र चालू आहे का तेही बघा. त्याच्या चकतीला ११८ दाते असतात आणि दर बारा तासांनी एक दाता पुढे सरकतो, म्हणजे पूर्ण फेरा ५९ दिवसांचा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून चकतीवर दोन चंद्र रंगवलेले असतात, एक मावळला की दुसरा उगवतो. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी परगावाहून रात्री परतायचं तर चांदणं कधी आहे ते आधी ठाऊक असणं फार गरजेचं होतं.

मिरजमळा
दादा, ११८ दात्यांचा हिशोब वाचून आनंद झाला. आपल्या पंचांगाचं काम पितळेच्या एका चकतीने केलं म्हणायचं.

कोकणकडा
म्हणजे १६९१ ही सरळसरळ फसवणूक झाली ना? मग असल्या वस्तूच्या वाटेला जायचंच कशाला?

शिसवी
मी मिडलँड्समध्ये जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून लाकडाच्या बाजूने लिहिते.

अठराव्या शतकात यॉर्कशायरच्या गावागावांत ओकच्या घड्याळपेट्या बनत, त्या बहुतेक साध्या असत. दाराभोवती महोगनीची पट्टी, दोन्ही कडांना पाव गोलाईचे खांब, डोक्यावर हंसमान, बस. ओक उभा चिरला की त्यात चकाकणारे पट्टे दिसतात, तेच त्याचं रूप. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात लोकांना जुन्या ट्यूडर-जॅकोबियन, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या थाटाचं वेड लागलं. मग साधे ओकचे पेटारे, कपाटं, घड्याळं घ्यायची, त्यांच्यावर पानं, सिंह, मुखवटे आणि एखादं जुनं साल कोरायचं आणि वर काळा रंग चढवायचा, असा प्रकार भरपूर झाला. इथे बाजारात त्याला 'लेटर कार्व्ह्ड', म्हणजे मागाहून कोरलेलं, म्हणतात. तुमच्या घड्याळाची किंमत कमी आहे त्यामागे हे मोठं कारण, आणि लिलावघराने साल लिहायचं टाळलं तेही बहुधा म्हणूनच.

ओळखायचं कसं, तर आधी किडीची बिळं बघा. इथली लाकूड खाणारी अळी आतल्या आत बोगदे पाडत जाते आणि भुंगेरा झाल्यावर साधारण दोन मिलिमीटरच्या गोल भोकातून बाहेर पडतो. त्यामुळे हात न लावलेल्या जुन्या पृष्ठभागावर फक्त गोल भोकं दिसतात. कोरलेल्या पानाच्या उतारावर तुम्हाला लांबट उघडी पडलेली नाळ, म्हणजे चिरला गेलेला बोगदा, दिसली, तर लाकूड आधी किडलं आणि पटाशी मागाहून चालली, हे नक्की. माझ्या मते याच्याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

मग दाराच्या कडेची गोलाई बघा. कोरणारा तिला मान देऊन थांबलाय, की वेल तिच्यावरून कापत गेली आहे? कारागीर सुरुवातीपासून कोरायचं ठरवतो तेव्हा त्या हिशोबाने जाड फळी घेतो आणि नक्षीला जागा सोडतो. तयार दारावर कोरणाऱ्याकडे जाडी नसते, म्हणून नक्षी उथळ राहते, मधली जमीन जेमतेम खरवडलेली असते आणि वेल कडेला येऊन अडखळते.

पीळदार खांबांबद्दल: ते सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांचे, आणि हंसमान अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. दोन्ही एकाच डोक्यावर आहेत म्हणजे खांब कोणीतरी बदलले असण्याची शक्यता खूप. कोकणकडा, फसवणूक हा शब्द मात्र मी वापरणार नाही. काही जणांनी विकायला केलं असेल, पण कित्येकांनी स्वतःच्या घरात शोभावं म्हणून कोरून घेतलं.

पटाशी
शिसवीताईंची माहिती पटली, पण 'मागाहून कोरलंय' म्हटलं की वस्तूची किंमत पाडायची ही बाजाराची रीत मला पटत नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, चिपळूणकडे. ओकवर मी स्वतः काम केलंय, कारण मुलगा लीड्सला असताना त्याच्याकडे राहिलो तेव्हा तिथल्या एका कार्यशाळेत जात होतो. ओक चिवट. रेषा जाड, मध्येच चकाकणारे पट्टे आडवे येतात, तिथे पटाशी घसरली तर पानाचं टोकच उडतं. त्यातून शंभर वर्षं वाळलेला ओक म्हणजे हत्याराची धार दर थोड्या वेळाने गेलीच. अशा लाकडावर, उभ्या दाराच्या अडचणीच्या जागेत, सिंहाचं तोंड उठवणारा माणूस साधा नव्हता. त्याने १८६० साली हात चालवला की १६९१ साली, याने त्याच्या हाताचं मोल बदलत नाही. काम बघा. पानाच्या शिरा एका झटक्यात ओढल्यात की खरडून खरडून काढल्यात? पान उलटतं तिथे खाली पोकळ केलंय का? डोळ्याला खोली आहे का? काम चांगलं असेल तर मी ते घड्याळ त्या कोरीव कामासाठीच घेईन.

शिसवी
पटाशीकाका, चांगल्या कामाला माझं कधीच वावडं नाही. माझं दुःख वेगळं आहे. साध्या पेटीचं प्रमाण फार विचारपूर्वक ठरवलेलं असायचं. डोकं, कंबर, पाया यांची रुंदी, दाराची लांबी, मोकळी सोडलेली जागा, सगळं. त्या मोकळ्या जागेवर वेल पसरली की आधीच्या सुताराचं काम कायमचं गेलं. कोरून काढलेलं लाकूड परत भरता येत नाही. तुम्ही दुसऱ्या कारागिराची बाजू घेताय, मी पहिल्याची.

पटाशी
हे मात्र मान्य. पहिल्या सुताराचा विचार माझ्याही मनात यायला हवा होता. तरीही दुसऱ्याला सोडून द्यायला मन धजत नाही.

दवबिंदू
या दोघांच्या चर्चेत एक भर. ही सगळी कोरणारी मंडळी धंदेवाईकच होती असं नाही. १८८४ मध्ये इंग्लंडमध्ये होम आर्ट्स अँड इंडस्ट्रीज असोसिएशन नावाची संस्था निघाली. कामकरी लोकांना संध्याकाळच्या वर्गांत हस्तकला शिकवायच्या, हा हेतू, आणि त्यात लाकडावरचं कोरीवकाम मोठ्या प्रमाणावर होतं. केझिक गावची हस्तकलेची प्रसिद्ध शाळाही त्याच वर्षी सुरू झाली. अशा वर्गांत शिकलेल्या माणसांनी घरचे पेटारे, खुर्च्या, घड्याळं कोरली. उंबरठाच्या घड्याळावरचा सिंह दिवसभर गिरणीत राबून संध्याकाळी पटाशी धरणाऱ्या कोणाचा असला, तर मला ते त्या घड्याळाचं वैगुण्य वाटणार नाही.

रानवारा
धागा रंगात आलाय. अवांतर प्रश्न: इंग्लंडमधलं सर्वात सुंदर लाकडी कोरीवकाम कुठे बघायला मिळेल? दिवाळीनंतर लंडनला येतोय.

दवबिंदू
रानवारा, डोळे झाकून ग्रिनलिंग गिबन्स. जन्म १६४८, रॉटरडॅमचा. तरुणपणी इंग्लंडला आला. जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने १६७१ च्या जानेवारीत त्याला डेप्टफर्डमधल्या एका झोपडीवजा घरात कोरताना पाहिलं आणि दरबारापर्यंत पोचवलं. तुम्ही सेंट पॉल्समधली गायकवृंदाची आसनं बघा, हॅम्प्टन कोर्ट बघा, आणि एक दिवस काढता आला तर ससेक्समधलं पेटवर्थ हाउस. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याने लाकडात कोरलेला लेसचा गळपट्टा आहे. लेसची जाळी, गाठी, चुण्या, सगळं लाकूड. अठराव्या शतकातला लेखक होरेस वॉलपोल तो गळ्यात घालून पाहुण्यांचं स्वागत करायला उभा राहिला होता.

गिबन्सने सूक्ष्म कामासाठी बहुतेक लिंडनचं लाकूड वापरलं. फिकट, मऊ, एकसारख्या पोताचं, कुठल्याही दिशेने कापलं तरी फाटत नाही. म्हणून पाकळ्या कागदाइतक्या पातळ काढता आल्या. मोठा गुच्छ एकाच ओंडक्यातून काढलेला नसतो, थर वेगळे कोरून एकावर एक बसवलेले असतात.

३१ मार्च १९८६ ला हॅम्प्टन कोर्टला आग लागली आणि गिबन्सची सात फुटांची एक लोंबती माळ जळून गेली. ती नव्याने कोरायचं काम डेव्हिड एस्टर्ली या कोरीवकाम करणाऱ्या अमेरिकन कारागिराकडे आलं. गिबन्सच्या काळी सँडपेपर नव्हता, मग पृष्ठभाग इतका नितळ कसा, हे कोडं होतं. जवळून तपासताना बारीक समांतर ओरखडे दिसले आणि उलगडा झाला: हॉर्सटेल नावाच्या वनस्पतीच्या देठांनी घासायचे. त्या देठात वाळूचाच अंश असतो.

पटाशी
हे माहीत नव्हतं. आमच्याकडे जुने सुतार खरवताची पानं वापरायचे, अगदी खरखरीत असतात. दवबिंदू, मनापासून आभार.

मिरजमळा
ती वाटाण्याच्या शेंगेची गोष्ट गिबन्सचीच ना? पैसे मिळाले की उघडी शेंग कोरायचा, बुडवले की बंद.

दवबिंदू
गोष्ट त्याचीच, पण ती दंतकथा आहे, पुरावा काही नाही. शेंगा मात्र खरोखर सगळीकडे आहेत. शोधायला मजा येते.

कोकणकडा
अवांतर चाललंच आहे तर विचारतो. राजापूरच्या आमच्या घरी ओटीवर टोल्यांचं भिंतीवरचं घड्याळ आहे. आजोबांच्या आधीपासूनचं. वर लाकडी कोरीव मुकुट, बाजूला कातीव खांब. आम्ही लहानपणापासून 'इंग्लिश घड्याळ' म्हणतो. तबकडीवर 'आन्सोनिया' असं आहे. त्याचा या खानदानाशी काही संबंध?

तिसरा_प्रहर
आन्सोनिया अमेरिकन. आपल्याकडच्या वाड्यांत आणि ओट्यांवर दिसणारी भिंतीवरची लंबकाची घड्याळं बहुतेक अमेरिकन किंवा जर्मन कारखान्यांची. एकोणिसाव्या शतकात त्यांनी भाग साच्यातून काढून इतकं स्वस्त घड्याळ केलं की इंग्लंडचे गावोगावचे घड्याळजी त्यापुढे टिकले नाहीत. यॉर्कशायरची उभी घड्याळं बनायची थांबली त्यामागे हेही एक कारण.

मुंबईत लंडनचं अस्सल यंत्र पाहायचं तर राजाबाई टॉवर आहे. इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याची, १८७८ मध्ये पुरी झाली, आणि घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकलीचं. राजापूरचं घड्याळ मात्र चालू ठेवा. कोरड्या फडक्याखेरीज काही लावू नका, आणि चक्रांवर खोबरेल तर कधीच नाही.

कोकणकडा
खोबरेल! आमचे काका दर दसऱ्याला हेच करतात. आजच फोन करतो.

चाकोरी
मी लीड्सला असते. कोरीवकामाचा विषय आहे म्हणून इथल्या हेअरवुड हाउस या जुन्या हवेलीचा उल्लेख करते. तिथल्या गॅलरीत खिडक्यांवर जाड कापडी झालरी लोंबताना दिसतात, दुमडी, गोंडे, सगळं. जवळ गेल्यावर कळतं की ते कापड नाहीच, लाकूड कोरून रंगवलंय. थॉमस चिपेंडेलच्या कार्यशाळेचं काम. माणूस इथलाच, यॉर्कशायरमधल्या ओटलीचा, १७१८ चा जन्म. पुढे लंडनला सेंट मार्टिन्स लेनमध्ये दुकान थाटलं आणि १७५४ मध्ये फर्निचरच्या नमुन्यांचं चित्रांसह मोठं पुस्तक काढलं, त्यात घड्याळांच्या पेट्यांचेही नमुने आहेत.

शिसवी
आणि त्याच पुस्तकामुळे आज लिलावात 'चिपेंडेल' शब्द जिथे तिथे दिसतो. नमुने छापल्यावर गावोगावच्या सुतारांनी ते आपापल्या परीने उतरवले. 'चिपेंडेल पद्धतीचं' आणि 'चिपेंडेलचं' यात फार अंतर आहे. प्रत्यक्ष त्याच्या कार्यशाळेतलं म्हणायला हिशोबाचे कागद लागतात, आणि ते हेअरवुड, नॉस्टेल अशा थोड्या घरांचे टिकलेत.

महोगनीबद्दल थोडं लिहावंसं वाटतं, कारण कोरीवकामाचा इतिहास लाकडाच्या जकातीशीही बांधलेला आहे. आधी ओक, मग १६६० नंतर अक्रोड. १७२१ मध्ये ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठली आणि वेस्ट इंडीजमधली महोगनी येऊ लागली. रुंद फळ्या, कीड सहसा लागत नाही, आणि घट्ट पोतामुळे बारीक कंगोरा टिकतो. खुर्चीच्या पायाला पक्ष्याच्या पंजात धरलेला गोळा, गुडघ्यावर अॅकँथसचं पान, पाठीत रिबनची गुंफण, हे सगळं महोगनीत जमलं, ओकमध्ये इतक्या नाजूकपणे जमलं नसतं. त्या वेस्ट इंडियन जंगलांमध्ये ते लाकूड गुलामांच्या हातांनी तोडलं जात होतं. जुन्या महोगनीवर काम करताना मला हे आठवतं आणि ते आठवायलाच हवं.

मिरजमळा
हे शेवटचं लिहिलंत ते बरं केलंत.

तिसरा_प्रहर
चाकोरी यांनी ओटली काढलं, शिसवी यांनी नॉस्टेल. उंबरठाताई, नॉस्टेल तर तुमच्या अंगणात आहे! वेकफील्डहून थोड्याच अंतरावर. चिपेंडेलचं फर्निचर तिथे आहेच, पण मी सांगतो ते जॉन हॅरिसनच्या घड्याळासाठी जा.

समुद्रावर रेखांश मोजता येईल असं घड्याळ करणारा हाच तो हॅरिसन. १६९३ मध्ये नॉस्टेलच्या इस्टेटीतल्या फौल्बीला जन्मला. शिकलेला सुतार. त्याने १७१७ मध्ये केलेलं उभं घड्याळ नॉस्टेलला ठेवलंय आणि त्याची चक्रंसुद्धा लाकडाची आहेत, ओकची. दात्यांमध्ये लाकडाची रेषा केंद्रातून बाहेर जाणारी ठेवलीय म्हणजे दाता तुटत नाही. पुढे त्याने लिग्नम व्हिटे नावाचं जड, स्वतःच तेल सोडणारं लाकूड वापरलं. लिंकनशायरमधल्या ब्रॉकल्सबी पार्कच्या तबेल्यावरचं त्याचं १७२२ च्या सुमाराचं घड्याळ तेलाविना चालतं. त्या काळी घड्याळं बंद पडायची ती मुख्यतः तेल घट्ट होऊन, आणि सुताराने तेलच काढून टाकलं. आपण इथे पेटीवरच्या पानांबद्दल बोलतोय, पण लाकडाची खरी जाण पेटीच्या आतही किती दूर नेते ते तिथे दिसतं.

पटाशी
सुताराने! वाचून ऊर भरून आला.

खुंटी
मुद्द्यावर येऊ का? लहान मुलांबद्दल कोणी बोललंच नाही. माझ्याकडे असं घड्याळ आहे, साधं ओकचं, लँकेशायरचं. पहिली गोष्ट, पेटी मागून भिंतीला स्क्रूने पक्की करा. उभी पेटी वरून जड असते, दार धरून मूल लोंबकळलं तर अंगावर येईल. आत प्रत्येकी पाच-सहा किलोची दोन वजनं असतात. दाराला कुलूप असतं, त्याची चावी वरच ठेवा.

दुसरं, ही घड्याळं आठवड्याच्या एकाच वारी बंद पडायला लागली की लोक भुताटकी म्हणतात. माझं गुरुवारी बंद पडायचं. रविवारी चावी दिली की वजनं गुरुवारी लंबकाच्या गोळ्याच्या बरोबरीला यायची. पेटी किंचित डुलत असली की वजनंही लंबकाबरोबर झुलायला लागतात आणि लंबकाचा जोर खातात. भिंतीला बांधल्यापासून गुरुवार सुखाचे गेले.

तिसरा_प्रहर
खुंटी, फार कामाचं लिहिलंत. लंबकाचं घड्याळ शोधणारा डच शास्त्रज्ञ हायगेन्स १६६५ मध्ये आजारी होऊन पडला होता, तेव्हा त्याला दिसलं की एकाच तुळईला टांगलेली दोन घड्याळं थोड्या वेळात एकमेकांच्या तालावर येतात. तोच गुण तुमच्या गुरुवारमागे होता. सेकंदाला एक झोका देणारा लंबक साधारण ९९ सेंटिमीटरचा असतो. १६७० च्या सुमारास जहाजाच्या नांगराच्या आकाराची अटक (चक्राचा एकेक दाता अडवून सोडणारा भाग) आली आणि लंबकाचा झोका अरुंद झाला, म्हणून तो इतक्या सडपातळ पेटीत मावतो. अरुंद झोक्याला जरासाही धक्का चालत नाही.

रानवारा
टोल्यांचं काय? रात्री बाराला घर जागं होत असेल.

खुंटी
आठवडाभरात कान सरावतात. पाहुणे उठतात. डाव्या भोकाची चावी दिली नाही की टोले आपोआप थांबतात, उजवं भोक वेळेचं.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पाहणी होती, तुम्ही सांगितलेलं सगळं टॉर्च घेऊन बघितलं.

तबकडीमागच्या चौकटीवर 'विल्सन' आहे, दुसरं नाव नाही. सिंहाच्या उजव्या गालाखाली, पानाच्या उतारावर, जवळजवळ बोटभर लांबीची उघडी नाळ आहे, शिसवीताईंनी सांगितलेली तशीच. वेल दाराच्या कडेची गोलाई दोन ठिकाणी कापत गेली आहे. पीळदार खांबांचं लाकूड बाकीच्या डोक्यापेक्षा लालसर आहे आणि त्यांच्या बुंध्याशी जुन्या, जाड खांबांच्या बैठकीची खूण दिसते. यंत्र ज्या फळीवर बसतं तिच्याखाली दोन्ही बाजूंना नव्या लाकडाचे तुकडे वगैरे काही दिसले नाहीत. चंद्र हलतो.

आणि पटाशीकाकांनी सांगितल्याप्रमाणे काम बघितलं. पानांच्या शिरा एका झटक्याच्या आहेत. सिंहाच्या आयाळीच्या बटा खालून पोकळ केल्यात, बोट आत जातं. खालचं फूल मात्र अगदी बेताचं आहे, दुसऱ्याच हाताचं वाटतं.

शिसवी
उंबरठा, किती नीट बघितलंत! यंत्राखाली भर घातलेली नाही ही सर्वात चांगली बातमी. पेटी एका घड्याळाची आणि यंत्र दुसऱ्याचं अशी जोडलेली घड्याळं पुष्कळ असतात, इथे दोघं पहिल्यापासून एकत्र असावीत. थोडक्यात १७७७ नंतरचं, एका घरचं यंत्र आणि पेटी, व्हिक्टोरियन काळात कोरलेली, खांब बदललेले. गडद जुन्या फर्निचरच्या किमती गेल्या वीस वर्षांत खूप उतरल्यात, त्यामुळे अंदाजाच्या खालच्या टोकाला मिळालं तर जरूर घ्या. हातोड्याच्या भावावर लिलावघराचं कमिशन आणि त्यावर व्हॅट पडतो, तो आधी विचारून आकडा ठरवा. आणि काळा रंग उतरवायला जाऊ नका. कोरीवकामाच्या खोलगट भागातून तो कधीच सगळा निघत नाही, लाकूड ठिपकेदार दिसतं.

पटाशी
आयाळीखाली बोट जातं म्हणताय? घ्या. त्या माणसासाठी घ्या.

कोकणकडा
माझाही विचार बदलला. घ्या.

उंबरठा
कमिशन धरून चारशेपर्यंत जायचं ठरवलंय, त्यापुढे हात वर करणार नाही. मिळालं तर आणायचं कसं? आमची गाडी हॅचबॅक आहे.

तिसरा_प्रहर
उभ्याने हलवू नका आणि सगळं जोडलेलं तर मुळीच नेऊ नका. आधी वजनं काढा. कुठलं डावं, कुठलं उजवं ते चिकटपट्टीवर लिहा, दोन्हींत कधीकधी फरक असतो. मग लंबक वर उचलून मागच्या फटीतून सोडवा. त्याच्या वरच्या टोकाला पातळ पोलादी पट्टी असते, ती मुडपली की घड्याळ चालत नाही, म्हणून लंबक पुठ्ठ्याला बांधून सपाट ठेवा. डोकं पुढे ओढून काढा. नंतर एकाने तबकडी धरायची आणि दुसऱ्याने फळीसकट यंत्र उचलायचं. वजनांच्या दोऱ्या ढिल्या होऊन, ज्या पिंपावर गुंडाळलेल्या असतात त्यावरून सुटतात, म्हणून त्यांना चिकटपट्टी लावा. यंत्र मांडीवर, बाकी पेटी आडवी ब्लँकेटमध्ये, त्यासाठी व्हॅनच लागेल. घरी आल्यावर लेव्हलपेक्षा कानावर भरवसा ठेवा: टिक आणि टक यांच्यातलं अंतर सारखं ऐकू येईपर्यंत पेटीखाली पाचर सरकवायची, मग भिंतीला स्क्रू. अडलं तर इथेच लिहा, शनिवारी मी त्या बाजूला येणारच आहे.